आत्याबाईंचा दिवा

१७ नोव्हेंबर

आज सकाळी ऊसतोडीचा ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, लेकरं आणि वर माणसं. दरवर्षी मीही त्यातच असायचे. यंदा अंगणात उभी राहून नुसता हात हलवला. गर्भपिशवी काढल्यापासून डोक्यावर उसाची मोळी घेतली की पोटात कळ येते, म्हणून मालकांनी पुतण्याला जोडीला घेतलं. मालकांचं नाव मी कधी तोंडानं घेत नाही, वहीत लिहायला हरकत नाही. रामेश्वर.

जाताना एवढंच म्हणाले, "म्हातारीला संभाळ." तेही ट्रॉलीच्या साखळीकडं बघून. उन्हाळ्यात मी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून ते असंच कशाकडंतरी बघून बोलतात.

गावात आता म्हातारी माणसं, कुत्री आणि मी. शिरूरकडनं येणारी एस.टी. फाट्यावर थांबते, पण उतरत कुणी नाही.

बीडच्या आमच्या मंडळीचे रामकिसन पास्टर म्हणतात, तारण एकदाच मिळतं, पण ते रोज अंगवळणी पाडावं लागतं. म्हणून दिवस मावळला की लिहीत जायचं, आज माझ्यात काय नवं झालं. दहावीनंतर हातात पेन धरला नव्हता. बोलायलाही कुणी नाही, तर लिहू.

आज नवं काही झालं नाही. ट्रॅक्टर दिसेनासा झाल्यावर रडले, ते तर दरवेळचंच.

१९ नोव्हेंबर

आत्याबाईंनी चूल वेगळी केली. बायनाबाई त्यांचं नाव, माझ्या सासूबाई. सकाळी लिंबाखाली तीन दगड मांडून बसलेल्या दिसल्या. पिठाचा डबा, तवा, मिठाची बरणी सगळं पदराखाली झाकून नेलेलं.

"तुमी असं कावून करता, आत्याबाई?"

"तुझा देव येगळा झाला, मग चूल बी येगळी. मला टाकांना निवद दावायचा असतो. तुझ्या हातचा चालत न्हाई."

टाक म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यातले चांदीचे देव. लग्न होऊन आल्यापासून ते चिंचेनं घासायचे, फुलं वाहायची, तिन्हीसांजेला दिवा लावायचा, हे माझंच काम होतं. उन्हाळ्यापासून मी सोडलं. मग त्या स्वतः करू लागल्या.

जीभ वळवळली. माझी जीभ साऱ्या वस्तीला माहीत आहे. पण गप्प बसले. हे नवं झालं म्हणायला हरकत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

बीडला गेले. बसस्थानकामागच्या गल्लीत एका माडीवर आम्ही जमतो. जिना चढताना गाण्याचा आवाज येतो तेव्हा आठवडाभर आवळलेलं काहीतरी सुटतं. छबुबाईनं शेजारी जागा धरली होती. तिच्यामुळंच मी इथं आले. मागं साखर कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत तापानं फणफणले होते, तेव्हा ही दुसऱ्या टोळीतली बाई रोज ऊसतोड करून यायची आणि माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवून बसायची. मी बरी झाले म्हणून वळले नाही. त्या बाईला माझ्याकडून काही नको होतं, म्हणून वळले.

आज मला साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यात काय केलं ते सांगायला, उभं केलं. मी सांगितलं, सासूनं चूल वेगळी केली, माझ्या हातचं पाणी पीत नाही, तरी मी उलटून बोलत नाही, क्षमा करते. सगळे हालेलुया म्हणाले. दोघी-तिघींनी डोळे पुसले. पास्टरांनी डोक्यावर हात ठेवला.

काळीपिवळीत बसल्यावर मात्र तोंड कडू पडलं. पित्त झालं असावं.

३ डिसेंबर

आज कसोटीच लागली. आत्याबाईंनी विचारलं, "शेळ्यांना पाणी दावलं का?" मी मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा हलवली. अगदी समोर उभी होते. तरी तिसऱ्यांदा तेच. मुद्दाम करतात. मला चिडवून माझ्या तोंडून वाकडा शब्द काढायचा आणि मग गावाला सांगायचं, बघा, ह्यांच्यात जाऊन हिची जीभ काय सुधारली.

मी काही बोलले नाही. वळून आत गेले.

बाहेरून त्या म्हणाल्या, "गप बसून बी माणसाला मारता येतं, दीपमाला."

४ डिसेंबर

ते वाक्य डोक्यातनं जात नाही. मी गप्प बसते ते प्रभूसाठी. त्यात मारण्यासारखं काय?

११ डिसेंबर

काय लिहू.

काल तिन्हीसांजेला देव्हाऱ्यापाशी काहीतरी सांडल्याचा आवाज आला. मी उठले नाही. आज सकाळी आत्याबाई भाकरी थापत होत्या, डाव्या हातानं. उजवा हात लुगड्यात गुंडाळलेला. जवळ गेले तर लपवायला लागल्या. मी धरून बाहेर काढला. दोन बोटं भाजून फोड आलेले, अंगठ्याची कातडी काळी. काडी वातीला लावायला गेल्या आणि बोटालाच लावत राहिल्या.

मी त्यांच्या डोळ्यांपुढं हात नेला. बुबुळावर ताकाचा थेंब पडावा तसं पांढरं. हात हलवला तरी पापणी लवली नाही.

म्हणजे त्या दिवशी माझी मान हललेली त्यांना दिसलीच नव्हती.

"कवापासनं दिसत न्हाई तुमाला?"

"दिसतंय की. सावली दिसती."

घरात मलम होतं ते लावलं, फडकं बांधलं. गाठ मारत असताना त्या म्हणाल्या, "हे बी सांगशील का बीडात? म्हातारीचं बोट बांधलं म्हणून?"

गावातलं कुणीतरी बीडला जातं, येतं. गोष्टी पोचतात.

मी गाठ पक्की केली. आत्याबाईंनी हात काढून घेतला नाही एवढंच.

१२ डिसेंबर

तिन्हीसांज झाली. त्या भिंतीला धरून देव्हाऱ्याकडं गेल्या. काडेपेटी चाचपडायला लागल्या, तेही बांधलेल्या हातानं. मी उंबऱ्यावर बसून बघत होते. उठू नये असं मन सांगत होतं. एक काडी मोडली. दुसरी पेटली आणि लुगड्याच्या पदरापाशी गेली.

उठले. वात नीट केली, तेल घातलं. मग त्यांचं मनगट धरून काडी वातीपर्यंत नेली. दिवा त्यांनी लावला. हात मी धरला. त्यांनी टाकांना हात जोडले, मी जोडले नाहीत, मागं सरून उभी राहिले.

हे बरोबर झालं का? मला माहीत नाही. शास्त्र, आमचं बायबल, उघडून बसले, पण अक्षरं डोळ्यांपुढं नुसती सरकत होती. पदर पेटला असता, एवढंच दिसत राहिलं.

१५ डिसेंबर, रविवार

साक्षीला उभी राहिले नाही. छबुबाई कुजबुजली, "काय गं, ह्या हप्त्यात देवानं काय केलं न्हाई का?"

"न्हाई," म्हणाले.

२५ डिसेंबर

नाताळ. काल आत्याबाईंना ताप होता, म्हणून बीडला गेले नाही. दुपारपर्यंत माडीवरची गाणी मनातल्या मनात म्हटली. एकटीनं म्हटलं की गाणं लवकर संपतं.

गूळ-खोबऱ्याच्या करंज्या केल्या. कुणासाठी ते ठाऊक नव्हतं, सण आहे म्हणून केल्या. वास बाहेर गेला असणार.

"आज तुझा सण हाय ना?" लिंबाखालून आवाज आला.

"हाय."

"मग येकटीच खातीस व्हय? सणाला येकट्यानं खाऊ न्हाई."

मी ताट घेऊन गेले. त्यांनी घेतली नाही. वाटलंच होतं. "माझ्या वाट्याची त्या मागल्या आळीच्या म्हाताऱ्याला दे," म्हणाल्या, "त्याच्याकडं कुणीच न्हाई यंदा." नेऊन दिली. मग त्यांच्यापासून चार हातांवर बसून मी माझी खाल्ली. त्या ऐकत बसल्या. कुरकुरीत झाली होती, आवाज येत होता.

"तळण जमलं," म्हणाल्या.

५ जानेवारी, रविवार

आज पास्टरांना सगळं सांगितलं. लपवून ठेवणं जड झालं होतं. रोज संध्याकाळी मी सासूचा हात धरते, वाती वळून देते, तेल घालते.

रामकिसन पास्टर वाईट माणूस नाही. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "ताई, दोन डगरींवर पाय ठेवून नदी ओलांडता येत नाही. सासूची सेवा करा, अन्न द्या, औषध द्या. पण त्या दिव्याला हात लावू नका. आज वात वळली, उद्या नारळ फोडाल."

"त्यांना दिसत न्हाई, पास्टर."

"म्हणूनच तर सैतानाला सोपं जातं."

मग त्यांनी सांगितलं, बीडला एका वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी आहे. राहायला खोली. आजूबाजूला आपली माणसं, रोज प्रार्थना. माझ्या आत्म्यासाठी तेच बरं. आणि मी ठरवेपर्यंत प्रभुभोजनाची भाकर घेऊ नये.

भाकर आणि प्याला माझ्यापाशी आले आणि पुढं गेले. छबुबाईनं माझा हात दाबला.

खोली. संध्याकाळी माणसांचे आवाज. कुणीतरी विचारणार, जेवलीस का म्हणून. मला जायचं आहे. खरं लिहिते, लई जायचं आहे.

७ जानेवारी

काल आणि आज दिव्याजवळ गेले नाही. आत्याबाईंनी हाक मारली नाही. काडी ओढल्याचा आवाजही आला नाही. काळोखातच देव्हाऱ्यापुढं बसून होत्या. मग भिंत चाचपडत बाहेर येऊन पडल्या.

"आज देवाला बी माझ्यासारखंच," म्हणाल्या. रागानं नाही. मला वाटतं, हसल्या.

९ जानेवारी

प्रभूला विचारलं, काय करू? गोठ्यात शेळी तेवढी ओरडली.

मी देवाशी भांडले. म्हणाले, तू आंधळ्यांना हात लावलास, तेव्हा आधी विचारलं होतंस का, तुझ्या घरात कोणता देव आहे?

मग उठले आणि त्यांचा हात धरला. पाप असेल तर माझ्या नावावर. त्यांच्या नावावर नको.

असं बोलणं बरोबर नाही. पास्टरांना कळलं तर म्हणतील, हिचं तारणच झालेलं नाही. कधीकधी मलाही तसंच वाटतं. पूर्वी बीडहून आले की अंगात ऊब असायची. आता काही नाही. प्रार्थनेला बसते आणि कोरड्या आडात पोहरा सोडल्यासारखं वाटतं.

२० जानेवारी

शाळेत डोळे तपासायची गाडी आली होती. आत्याबाईंना घेऊन गेले. मोतीबिंदू, दोन्ही डोळे. ऑपरेशन केलं तर दिसेल म्हणतात. "डोळ्यात सुरी? पोरगं आल्याबिगर न्हाई," म्हणाल्या आणि काठी आपटत निघाल्या, चुकीच्या बाजूला. वळवून घरी आणलं.

४ फेब्रुवारी

आज विचित्र झालं. पहाटे मी गुडघ्यावर होते. मला वाटलं त्या झोपल्यात.

"दीपमाला, तुझ्या देवाला माझं नाव सांगतीस का?"

"सांगते की."

"काय सांगतीस?"

"डोळं बरं व्हावं म्हणते."

त्या उठून बसल्या. मग म्हणाल्या, "डोळ्याचं ऱ्हाऊ दे. पोरगं नीट घरी येऊ दे म्हण. उसाच्या फडात साप असत्यात. माझ्या देवाला मी सांगतेच. तू तुझ्याला सांग. दोघांनी मिळून बघितलं तर काय बिघडलं?"

हे शास्त्राला धरून नाही, हे मला कळतं. पण मी त्यांच्यापुढं मोठ्यानं प्रार्थना केली, मालकांसाठी. त्या ऐकत होत्या. आमेन म्हटलं तेव्हा त्यांनी नुसतं "हूं" केलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पास्टरांना सांगितलं, वसतिगृहात येत नाही. त्यांनी कारण विचारलं. मला मोठं काही सांगता आलं नाही. मी म्हणाले, "आत्याबाईंना शेळीची दोरी सापडत न्हाई."

ते खिन्न झाले. "तुमच्यासाठी प्रार्थना करतो," म्हणाले. करतील, तसे ते प्रामाणिक आहेत. मी मागच्या ओळीत बसले. भाकर पुन्हा पुढं गेली. खाली उतरले तेव्हा चपला शोधायला उगाच वेळ लावला, कुणी थांबवेल म्हणून. कुणी थांबवलं नाही.

गावात मी ख्रिस्ती. माडीवर मी कच्ची. एस.टी.त खिडकीला डोकं टेकून बसले, तिथं तेवढं कुणाला काही नव्हतं.

आज साखर संपली. आत्याबाईंनी त्यांच्या डब्यातली वाटीभर माझ्या चुलीपाशी आणून ठेवली. जमिनीवर ठेवून निघून गेल्या, हातात दिली नाही.

१५ मार्च

ट्रॅक्टर आला. सगळे रापलेले, वाळलेले. मालक उतरले आणि आधी आईकडं गेले. डोळे बघून चरकले. "कवापासनं?" आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या बायकोला ईचार, तिला समदं ठाव हाय."

मला काही विचारलं नाही. मी पाणी दिलं, घेतलं.

१८ मार्च

म्हाळू भाऊजी, मालकांचे चुलतभाऊ, चार माणसं घेऊन अंगणात आले. पाडवा तोंडावर आहे, कुळाचाराच्या वेळी भावकी आमच्या घरी जेवायची का नाही, हा प्रश्न. म्हाळू भाऊजींचं बोलणं तसं गोड. म्हणाले, "वहिनी, आमाला भांडायचं न्हाई. तुमी येकदा म्हणा, चुकले, सोडलं ते. इषय मिटला."

मालक मला आत घेऊन गेले. खूप दिवसांनी इतकं बोलले. "नुस्तं तोंडानं म्हण. मनात काय ठिवायचं ते ठिव. मी कवा आडवा आलो का?"

नाही आले. खरंच नाही आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला त्यांची दया आली, आणि हो म्हणावंसंही वाटलं. किती सोपं होतं. माडीवरसुद्धा मला आता कोण विचारतंय?

पण तोंड उघडलं आणि ते निघेना. "तोंडात येक आणि मनात येक, हे मला जमत न्हाई आता," म्हणाले. "आदी जमायचं."

बाहेर जाऊन त्यांनी काय सांगितलं माहीत नाही. आत्याबाई लिंबाखाली बसून होत्या. मी वाट बघत होते, त्या काहीतरी बोलतील म्हणून. नाही बोलल्या.

मालक परत आले आणि भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाले, "मग तुझं तू बघ."

१९ मार्च

काल दुपारचं आज लिहिते. काल तेवढंच लिहून झालं.

दोन लुगडी, शास्त्र आणि ही वही बॅगेत भरली आणि फाट्यावर गेले. कुणी अडवलं नाही. बाभळीच्या सावलीला दगडावर बसले. छबुबाईच्या घरी जायचं, पुढचं पुढं. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. आतून नुसतं रिकामं.

काठीचा आवाज आला. आत्याबाई. कुंपणाला धरून, चपला उलट्यासुलट्या घालून, एकट्या.

"हायस का हितं?"

"हाय."

चाचपडत शेजारी बसल्या.

"कुठं चाललीस?"

"छबुबाईकडं. बीडला."

"मी बोलले न्हाई म्हणून राग आला व्हय?"

"न्हाई."

"खोटं."

"आला."

"मला बी तुझा राग हाय," त्या म्हणाल्या. "टाकांना सोडलंस तू. माझ्या सासूनं माझ्या पदरात घातले, मी तुझ्या घातले, तू खाली ठिवलेस. माझ्या मागं त्यांचं कोण करनार? ते दुखनं मरूस्तोर जायाचं न्हाई. मानसांत म्हनून मला बोलवंना, की हिला ऱ्हाऊ द्या. कोनत्या तोंडानं बोलू?"

"मग हितं कावून आलात?"

"घरात बसवंना."

एस.टी. आली. धूळ बसायच्या आत दारातून कंडक्टर ओरडला, "मावशी, चढायचं का न्हाई?"

मी बॅग उचलली. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. जोरात नाही. संध्याकाळी मी त्यांचं धरते, तेवढंच.

"न्हाई बाबा," त्यांनी आवाजाच्या दिशेनं सांगितलं, "आमी आपलं बसलोय."

गाडी गेली. आम्ही तिथंच. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण शब्द आले नाहीत आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा मालकांची मोटारसायकल आली. ते उतरले. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. त्यांनी माझी बॅग उचलली, हँडलला अडकवली आणि गाडी घराकडं वळवली.

मग आम्ही दोघी चालत निघालो.

२१ मार्च

भावकी पाडव्याला जेवायला येणार नाही म्हणे. मालक सकाळपासून गोठ्याची ताटी बांधत होते. मी चहा नेऊन ठेवला. दोरी ओढता ओढता म्हणाले, "रविवारी जातीस तवा आईला बी घेऊन जा. डोळ्याचं बघ."

त्यांना दवाखान्याचं काही माहीत नसतं. मी सांगितलं, रविवारी डोळ्याचा दवाखाना बंद असतो, सोमवारी जावं लागेल.

त्यांनी गाठ आवळली, दातानं सुतळी तोडली.

"मग दोनी दिस जा."